उणे वीसची थंडी, कोंबड्या आणि बदकं: खुराड्याच्या फटी बुजलेल्याच ठेवू का?

माळावरचं घर

नमस्कार मंडळी,

बर्फ पडायला अजून थोडा अवकाश आहे, पण रात्रीचा पारा शून्याखाली जायला लागलाय आणि मला काळजी वाटायला लागलीय. आमच्याकडे आठ कोंबड्या, एक कोंबडा आणि पाच बदकं आहेत. कोंबड्यांत चार लेगहॉर्न, दोन वायनडॉट आणि दोन ब्रह्मा. कोंबडा लेगहॉर्न, तुरा मोठा आणि ताठ. बदकांत एक पेकिन नर, तीन पेकिन माद्या आणि एक मस्कोव्ही मादी. सगळी याच वसंतातली, त्यामुळे त्यांचा हा पहिलाच हिवाळा. इथे ऐन हिवाळ्यात उणे वीस सहज होतं आणि वारा सुटला की दिवसदिवस थांबत नाही.

खुराडं घरासोबतच मिळालं. लाकडी आहे, आठ बाय सहा फूट, वर पत्रा. पत्र्याला लागून दोन्ही बाजूंना वीतभर रुंदीच्या लांबट फटी आहेत, त्यांना जाळीही आहे. पण आधीच्या लोकांनी त्यांत पोत्यांचे बोळे घट्ट कोंबून ठेवलेत. मी ते तसेच राहू दिले, कारण ऊब टिकेल असं वाटलं. आता सकाळी दार उघडलं की आतून उबट ओलसर वाफ तोंडावर येते आणि डोळे चुरचुरतात. पत्र्याला आतून थेंब लोंबत असतात. बदकं झोपतात त्या कोपऱ्यात भुश्शाचा चिखल झालाय. पाण्याचं भांडं आतच आहे.

फटी बंदच ठेवू की उघडू? उघडल्या तर थंडीने मरणार नाहीत ना? ओळखीतले एक जण म्हणतात ऊब देणारा लाल दिवा लावा म्हणजे प्रश्नच मिटला. ते कितपत बरोबर आहे? बदकांना हिवाळ्यात पोहायला पाणी लागतंच का, हेही कुणी सांगा. शक्य तेवढं सविस्तर लिहा, माझ्या हाताशी अजून वेळ आहे.

जुनं खुराडं

ताई, आज उजेड असतानाच ते बोळे काढा. बाकीचं सावकाश करता येईल, हे मात्र आज करा.

मी बरेच हिवाळे कोंबड्या ठेवतोय, आणि थंडीने दगावलेल्या म्हणून जेवढ्या कोंबड्या लोकांनी मला दाखवल्या, त्यांतल्या बहुतेक ओलीने दगावलेल्या होत्या. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. ती पिसं फुलवते, पिसांच्या आत कोरडी हवा धरते आणि त्या हवेच्या जोरावर रात्र काढते. पिसं आणि आसपासची हवा कोरडी असेपर्यंत उणे वीसमध्ये धडधाकट, पोट भरलेली कोंबडी निभावून नेते. पिसं ओलसर झाली की ती धरलेली हवा गेली. मग उणे दोनसुद्धा जड जातं.

आता तुमच्या खुराड्यात काय चाललंय बघा. चौदा पक्षी रात्रभर श्वास सोडतात, त्यात वाफ. त्यांच्या विष्ठेत निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी, बदकांच्या तर आणखी. वरून पाण्याचं भांडं आत. ही सगळी वाफ वर जाते, थंड पत्र्याला लागते आणि थेंब होऊन खाली पडते. उरलेली तुऱ्यावर बसते. मध्यरात्रीनंतर पारा उतरला की तुऱ्यावरचं तेच दव गोठतं, आणि सकाळी तुऱ्याची टोकं पांढुरकी दिसतात. हिमदंश असा होतो. डोळे चुरचुरतात तो अमोनिया. आपण दार उघडून उभे राहतो, आपलं नाक पाच फुटांवर असतं, तरी ते आपल्याला जाणवतं. एकदा सकाळी दार उघडल्याबरोबर आत उकिडवं बसा आणि बदक जिथे मान ठेवून झोपतं त्या उंचीवर श्वास घेऊन बघा. आत जाऊन थोडा वेळ गेला की नाकाला सवय होते आणि मग वास नाही असंच वाटतं, म्हणून पहिल्या श्वासावरच विश्वास ठेवा. ही हवा रोज रात्री फुप्फुसात जात राहिली की सर्दी, घरघर, डोळ्यांतून पाणी हे सगळं पाठोपाठ येतं.

बोळे काढले की वारा लागेल ही तुमची भीती रास्त आहे. पण वरून हवा निघून जाणं वेगळं आणि पक्ष्याच्या अंगावर झोत येणं वेगळं. झरोके डोक्याच्या बऱ्याच वर हवेत. दांडीच्या आणि जमिनीच्या उंचीवर मात्र एकही भोक नको. हे तपासायला मी एक साधी गोष्ट करतो. खुराड्यात पडलेली दोन मऊ पिसं घेऊन दोन दोऱ्यांना बांधतो. एक झरोक्यापाशी टांगतो, दुसरं दांडीवर कोंबडी बसली की तिची पाठ जिथे येते तिथे. वारा असलेल्या दिवशी दार लावून आत उभं राहायचं. वरचं पीस हलत राहायला हवं. खालचं जवळजवळ स्थिर. खालचं गरगर फिरायला लागलं तर झोत कुठून येतोय ते हाताच्या पाठीने शोधायचं आणि ती फट फळी ठोकून बंद करायची. दाराच्या खालची फट हमखास निघते.

पत्र्याच्या आतून एखादा उष्णतारोधक थर लावता आला तर लावा, म्हणजे वाफ पत्र्याला थेट लागणार नाही. तो थर उघडा ठेवू नका, कोंबड्या टोचून टोचून खातात. वर प्लायवूड ठोका.

दांडी गोल आणि बारीक असेल तर बदला. चार इंची पट्टी रुंद बाजू वर करून लावा. कोंबडी त्यावर बसली की तिचे तळवे सपाट राहतात आणि पोटाची पिसं बोटांवर पूर्ण पांघरली जातात. बारीक दांडीला विळखा घातला की बोटांची टोकं खालून उघडी राहतात, आणि तिथेच हिमदंश होतो. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर ठेवा. नाहीतर वरच्या दांडीसाठी भांडणं होतात आणि त्या एकमेकींना खेटून बसत नाहीत.

लाल दिव्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. अडीचशे वॉटचा तापलेला बल्ब, खाली वाळलेलं काड, हवेत पिसांची धूळ, आणि वर झेप घेणारे पक्षी. खुराड्याला आग लागण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि खुराडं घराला किंवा गोठ्याला लागून असेल तर आग तिथेच थांबत नाही. काही बल्बवर फुटू नयेत म्हणून टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा थर असतो. तो तापला की निघणारा वायू पक्ष्यांना काही वेळात मारतो, आणि माणसाला वासही येत नाही. शिवाय रात्रभर उबेत राहिलेल्या कोंबड्यांचं अंग थंडीला तयार होत नाही. वादळात वीज गेली की त्याच रात्री त्यांना सगळ्यात कडक थंडी सोसावी लागते. पिल्लं असतील किंवा एखादी आजारी असेल तर तिला घरात, खोक्यात ठेवा. सगळ्या खुराड्याला ऊब देऊ नका.

आता खालची गादी. चिखल झालेला कोपरा फावड्याने पूर्ण काढून टाका. नंतर लाकडाच्या सालप्या आणि वर काड असा वीतभर थर द्या. ओला दिसेल तिथे रोज सकाळी उलटापालट करा आणि वरून कोरडं टाका. हिवाळाभर असं भर घालत गेलात की खालचा थर कुजायला लागतो, त्याची थोडी ऊब मिळते, आणि वसंतात वाफ्यांना उत्तम खत. मूठभर गादी उचलून दाबली तर मुठीत गोळा होऊ नये आणि हाताला पाणी तर अजिबात लागू नये.

तुमच्या लेगहॉर्नची मला खरी काळजी वाटते. एकेरी, उंच, पातळ तुरा म्हणजे थंडीला मोकळं मैदान. कोंबड्या झोपताना डोकं पंखात घालतात. कोंबडा पुष्कळदा तसं करत नाही, म्हणून त्याचा तुरा आधी जातो. वायनडॉटचा तुरा गुलाबासारखा बसका आणि ब्रह्माचा वाटाण्याच्या शेंगेसारखा आखूड, त्यांचं भागून जाईल. ब्रह्माच्या पायांवरच्या पिसांत बर्फाचे गोळे अडकतात, ते तेवढे संध्याकाळी काढत जा. पुढे कधी नवी पिल्लं घेतलीत तर शांतक्लेर जातीचा विचार करा. कॅनडातल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रेड शातलेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मुद्दाम कडक हिवाळ्यासाठी तयार केली. तुरा अगदी चिकटून बसलेल्या गादीएवढा, आणि चोचीखालच्या लाल पाळ्याही नावापुरत्या.

तुऱ्याला व्हॅसलीन लावावं का हा प्रश्न दरवर्षी येतो. लावलं तर नुकसान नाही, पण हवा दमट असेल तर त्याचा भरवसा धरू नका. कोंबड्याच्या पाळ्या पाण्यात बुडतात आणि मग गोठतात, त्यावर अरुंद तोंडाचं किंवा निपलचं (चोच लावली की थेंब सोडणाऱ्या तोटीचं) पाणी जास्त उपयोगी आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात. नेहमीचं १६ टक्के प्रथिनांचं अंड्यांच्या कोंबड्यांचं खाद्य दिवसभर समोर असू द्या, थंडीत त्या जास्त खातात आणि खाऊ द्यावं. मक्याचा भरडा संध्याकाळी झोपण्याआधी, मूठ-दोन मुठी, एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. मक्यात प्रथिनं कमी असतात, पोट त्यानेच भरलं तर अंडी आणि पिसं दोन्ही मागे पडतात. अंधार पडल्यावर त्या दांडीवर बसल्या की एकेकीच्या छातीच्या वरच्या भागाला, तिच्या उजव्या अंगाला, हळूच हात लावा. दाण्याची पिशवी भरलेली, लिंबाएवढी घट्ट लागली पाहिजे. सपाट लागली तर ती बाई दिवसभर दुसऱ्यांच्या माराने खाण्यापाशी पोचलेली नाही. तिला वेगळं खायला घाला. अशी उपाशी झोपलेली कोंबडीच कडक रात्रीला पहिली बळी पडते. जमीन बर्फाखाली गेली की त्यांना बारीक खडे मिळत नाहीत आणि दाणे दळले जात नाहीत, म्हणून खडे एका वाटीत वेगळे ठेवा.

बदकांवर मी कमी लिहितो. त्यातलं जास्त कळणारे लोक इथे आहेत.

पाणकाठ

वरच्या सगळ्याला अनुमोदन. बदकांचं मी सांगते, कारण माझ्याकडे बदकंच जास्त आहेत.

ताई, सगळ्यात आधी बदकं आणि कोंबड्या झोपायला वेगळ्या करा. खुराड्याच्या आत मध्ये फळ्यांची आडभिंत घातली तरी चालेल, पण बदकांना स्वतंत्र, कमी उंचीचं घर दिलंत तर दोघांचंही भलं होईल. बदक जिथे झोपतं तिथे ओल होणारच, त्याला इलाज नाही. बदकाला ती ओल थोडीफार चालते, कोंबडीला चालत नाही. दुसरं कारण तुमचा पेकिन नर. वसंत जवळ आला की तो कोंबड्यांच्या मागे लागू शकतो, आणि बदकाच्या नराची शरीररचना कोंबड्यापेक्षा वेगळी असल्यामुळे कोंबडीला आतून गंभीर इजा होते. मोकळ्या अंगणात ती पळून जाते. हिवाळ्यात सगळे चार भिंतींत कोंडलेले असतात, तिथे पळायला जागा नसते.

बदकांना थंडी कोंबड्यांपेक्षा कमी बाधते. पिसांखाली मऊ लव, कातडीखाली चरबी. पाय उघडे असूनही गोठत नाहीत, कारण पायात उतरणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त अगदी लगत वाहतं. उतरणाऱ्याची उष्णता वाटेतच वर येणाऱ्याला मिळते आणि ऊब शरीरातच राहते. तरीही दिवसभर नुसत्या बर्फावर उभं राहायला लावू नका. काडाचा जाड पट्टा टाकून द्या. बघा, सगळी त्याच्यावर येऊन बसतात, एक पाय पोटाखाली घेऊन.

पोहायला पाणी हवंच असं नाही. पण डोकं बुडेल इतकं खोल पाणी रोज हवं. नाकपुड्या आणि डोळे धुता आले नाहीत तर त्यांत खाद्य अडकून सुकतं आणि डोळे चिकटतात. मी काळ्या रबराची घमेली वापरते. रात्री रिकामी करून पालथी ठेवते. चुकून पाणी राहून गोठलंच तर घमेलं उलटं करून वर पाय दिला की बर्फाची चकती सुटून पडते, रबर तडकत नाही. प्लास्टिकची बादली पहिल्याच कडक थंडीत उभी फुटते. सकाळी कोमट पाणी, दुपारी पुन्हा कोमट पाणी. बदकं पहिल्या दहा मिनिटांत पिऊन, डोकं बुडवून, मानेवरून पाणी पाठीवर टाकून घेतात. ते झालं की नंतर गोठलं तरी मला तेवढी चिंता वाटत नाही.

पाणी घराच्या आत कधीच ठेवू नका. बाहेर खडीच्या खड्ड्यावर ठेवा, म्हणजे सांडलेलं झिरपेल आणि सगळीकडे काचेसारखा बर्फ होणार नाही. रात्री पाणी नाही तर खाद्यही ठेवायचं नाही, हा नियम कडक पाळा. कोरडं खाद्य पाण्याशिवाय खाल्लं तर बदकाच्या घशात अडकतं. दोन्ही नसेल तर रात्र आरामात निघते.

आता एक गोष्ट आठवड्यातून एकदा नक्की करा. एकेक बदक उचला, उताणं धरा आणि छातीवर थोडं पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर सगळं ठीक. पाणी आत मुरलं, पिसं काळपट होऊन चिकटली, तर त्या बदकाची तेलाची घडी बिघडलीय. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला तेलाची गाठ असते. बदक चोच तिथे घासून ते तेल अंगभर लावतं. घाणीत लोळावं लागलं आणि धुवायला पाणी नसलं की हे थांबतं. असं बदक थंडीत मरतं. त्याला घरात घ्या, कोमट स्वच्छ पाण्यात आंघोळ द्या, पूर्ण वाळवा आणि पिसं सुधारेपर्यंत आत ठेवा.

तुमच्या मस्कोव्हीला मी वेगळी जागा दिली असती. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली जात. बाकीची घरगुती बदकं मॅलार्ड या रानबदकापासून आलेली, ती तशी नाही. तिच्या तोंडावरच्या लाल गाठींना कोंबडीच्या तुऱ्यासारखाच हिमदंश होतो आणि तिला जमिनीपेक्षा थोडं उंच बसायला आवडतं. काडाने वेढलेला एक बुटका ओटा करून द्या.

अजून एक. जवळपास उघडं डबकं किंवा तळं असेल आणि त्यावर रानबदकं उतरत असतील तर तुमची बदकं तिथे सोडू नका, तिथलं पाणीही आणू नका. बर्ड फ्लू रानबदकांकडून येतो आणि पुष्कळदा त्यांच्यात तो दिसतही नाही. बाहेर सांडलेल्या दाण्यांवर रानपक्षी येणार नाहीत एवढं बघा.

आणि कोंबड्यांचंच खाद्य देत असाल तर त्यात नायसिनची (हे ब गटातलं एक जीवनसत्त्व) भर घाला. बदकांना ते कोंबड्यांपेक्षा जास्त लागतं, वाढत्या पिल्लांना विशेष. कमी पडलं की पाय वाकतात. वर थोडं ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात त्या यीस्टची वाळलेली पूड) भुरभुरलं तरी पुरतं.

माळावरचं घर

दोघांचेही मनापासून आभार. बोळे त्याच दिवशी काढले. दुसऱ्या सकाळी आत थंडी होती, पण पत्रा कोरडा होता आणि डोळ्यांना काही झालं नाही. पिसाची परीक्षा केली. खालचं पीस दाराच्या बाजूने सारखं वळत होतं, दाराखाली दोन बोटांची फट निघाली. तिथे फळी ठोकली. बदकांसाठी जुन्या लाकडी पेटाऱ्याचं घर करायला घेतलंय.

आता अंड्यांचं विचारते. लेगहॉर्न अजून घालतायत, ब्रह्मा थांबल्या. दिवा फक्त उजेडासाठी लावला तर चालेल का? आणि काल एक अंडं उभं तडकलेलं मिळालं, आतला बलक घट्ट झालेला. ते खाण्यासारखं असतं का?

पहाटेची पाळी

उजेडाचा दिवा आणि उबेचा दिवा यांची गल्लत होऊ देऊ नका. अंडं घालण्यासाठी कोंबडीला साधारण १४ तासांचा उजेड लागतो. तो कमी झाला की शरीर थांबतं, आणि हे थांबणं आजार नाही. छोटा एलईडी टायमरवर लावा, पण पहाटे लावा. संध्याकाळी लावलात आणि टायमरने तो अचानक बंद केला तर त्यांना दांडी दिसत नाही, खालीच बसून राहतात आणि थंड जमिनीवर रात्र काढतात. वाढवायचं ते हळूहळू, दर काही दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं.

मी स्वतः मात्र तुमच्या जागी लावला नसता. तलंगा पहिल्या हिवाळ्यात पुष्कळदा बिनदिव्याच्याही घालतात. पुढच्या वर्षी शरदात त्या पिसं गाळतील. पिसं म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिनं, नवी पिसं उगवताना सगळं तिकडे जातं. त्या वेळी त्यांना प्रथिनं जास्त द्या आणि विश्रांती मिळू द्या.

तडकलेलं अंडं गोठलेलं होतं. आत पाणी जास्त, गोठलं की फुगतं आणि कवच उकलतं. आतलं पातळ आवरण शाबूत असेल आणि अंडं स्वच्छ असेल तर लगेच पूर्ण शिजवून खाता येतं. आवरण फाटलं असेल किंवा घाण लागली असेल तर टाका. अंडी दिवसातून दोनदा तरी गोळा करा. बदकं पहाटेच घालतात, तीही गादीत दडवून, म्हणून घराचं दार उघडल्याबरोबर काडात हात घालून चाचपा.

गुरांची डॉक्टर

मी पशुवैद्य आहे. हिमदंशाबद्दल दोन शब्द लिहिते, कारण लोक घाईत चुकीचं करतात.

तुऱ्याची टोकं आधी फिकी, राखाडी दिसतात. मग सूज, कधी फोड, आणि काही दिवसांनी ती काळी पडतात. फिकी दिसली की पक्षी उबदार खोलीत आणा आणि तुरा आपोआप मूळ तापमानाला येऊ द्या. चोळू नका, शेकू नका, केस वाळवायचं यंत्र तर अजिबात नको. पाय गोठले असतील तर ३८ ते ४० अंशांच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि नंतर कोरडे करा. एकदा ऊब दिली की त्याच रात्री परत बाहेर ठेवू नका. पुन्हा गोठलं तर इजा दुपटीने वाढते. काळा झालेला भाग कापू नका. तो वाळून आपोआप गळतो आणि तोवर खालच्या जिवंत भागाला झाकून ठेवतो. कोंबड्याला जबर हिमदंश झाला तर काही काळ त्याची प्रजननक्षमताही उतरते, अंडी उबवायला ठेवणार असाल तर हे लक्षात ठेवा.

एक फरक मात्र ओळखायला शिका. हिमदंश टोकांपासून सुरू होतो आणि पक्षी बाकी चालता-खाता असतो. सगळा तुराच निळसर-जांभळा झालाय, पक्षी मलूल आहे, डोकं सुजलंय किंवा लागोपाठ दोन-तीन अचानक गेले, तर तो हिमदंश नाही. हात लावू नका, मेलेले पक्षी उघडे टाकू नका आणि लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवा.

हिवाळ्यात माइटचा (पक्ष्यांचं रक्त शोषणाऱ्या बारीक किड्यांचा) त्रास संपतो असं समजलं जातं, ते खरं नाही. लाकडाच्या सांध्यांत लपणारे लाल माइट थंडीत मंदावतात. पण नॉर्दर्न फाउल माइट कायम अंगावरच राहतो आणि थंडीतच वाढतो. शेपटीखालची पिसं बाजूला सारून बघा. काळपट, तेलकट, मळकट थर दिसला आणि तुमच्या हातावर बारीक काहीतरी चालायला लागलं तर तोच. अशक्तपणा आणि अंडी कमी होणं यामागे पुष्कळदा तोच असतो. कोंबड्यांना धूळस्नान करता यावं म्हणून छपराखाली एका पेटीत कोरडी माती आणि चाळलेली लाकडाची राख ठेवा. राख ओली होऊ देऊ नका, ओल्या राखेने कातडी भाजते.

उत्तरेचा वारा

थोडा मतभेद नोंदवतो. आमच्याकडे उणे पस्तीस होतं आणि तिथे मी दांडीच्या बाजूला भिंतीवर सपाट उष्णतापट्टी लावतो. बल्ब नाही, तिचा पृष्ठभाग हाताला चटका बसण्याइतका तापत नाही. कोंबड्या हव्या तर तिच्याजवळ बसतात, नको तर लांब. मोठ्या तुऱ्याच्या कोंबड्यांना त्याचा फायदा मला दिसला आहे.

जुनं खुराडं

उणे पस्तीसला मीही तुमच्याशी वाद घालणार नाही. वायर उंदरांपासून आणि चोचींपासून नळीत झाकलेली असावी, आणि पट्टी असली तरी झरोके उघडेच असावेत, एवढंच माझं म्हणणं. ताईंकडे उणे वीस आहे, त्यांना आधी कोरडं खुराडं करू द्या. पहिल्या कडक आठवड्यानंतर लेगहॉर्नचे तुरे कसे दिसतात त्यावर ठरवता येईल.

माळावरचं घर

सगळ्यांचे आभार. शेवटचं एकच. बर्फाचं वादळ आलं आणि वारा थेट एका फटीवर आला तर बर्फाची भुकटी आत उडेल. तेव्हाही दोन्ही उघड्याच ठेवायच्या? आणि झरोक्यांची जाळी साधी षटकोनी आहे, ती चालेल का?

जुनं खुराडं

वाऱ्याच्या बाजूची झाका, पलीकडची पूर्ण उघडी ठेवा. झाकायला बोळा नको. फळीला वरून बिजागरी लावा आणि खाली कडी, म्हणजे बाहेरूनच अर्धी किंवा पूर्ण लावता येईल. आत भुकटी आलीच तर वितळण्याआधी फावड्याने काढून टाका.

जाळी बदला. षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. वीझलसारखा (मुंगसासारखा दिसणारा छोटा, लांबट शिकारी) प्राणी इंचभर भोकातून आत येतो आणि हिवाळ्यात उपाशी असला की एका रात्रीत सगळं खुराडं संपवतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी घ्या. नुसत्या स्टेपलवर भागवू नका, कडेने पट्ट्या आणि स्क्रू लावा. बदकांच्या पेटाऱ्यालाही तीच. दाराला दोन कड्या, एक वर आणि एक खाली. जमीन गोठायच्या आत दारासमोर खडी पसरा, कारण नंतर तिथे जे गोठेल त्यावर दार अडकतं आणि सकाळी कुदळ घेऊन ते मोकळं करावं लागतं.